लोझेरमध्ये पाच दिवस सायकलवर: घळी, सडे आणि रिकामे रस्ते

सुरुवात गिअरपासून करतो, कारण तिथं चुकलं असतं तर पुढचं काहीच झालं नसतं. माझी साधी रोड बाईक, पुढं ५०-३४ दात्यांच्या चकत्या आणि मागं ११-२८ ची कॅसेट, म्हणजे मागच्या चाकावरचा दातेरी चकत्यांचा संच, मागची चकती जितकी मोठी तितका चढ हलका, तुलूझच्या सपाटीवर कॅनॉलच्या कडेनं ऑफिसला जायला-यायला एकदम भारी, पण मला जायचं होतं लोझेरला, म्हणजे दक्षिण फ्रान्समधला मासिफ सेंत्राल नावाचा जो मोठा डोंगराळ पट्टा आहे त्याच्या खालच्या टोकाला, आणि तिथं सामान लादून २८ दात्यांवर चढायचं म्हणजे गुडघ्यांची वाट. हे फेब्रुवारीतच कळलं. ट्रायल म्हणून माझामे गावातून पिक द नोर चढायला घेतलं, १२११ मीटरचं शिखर आहे, मागं दोन पॅनियरमध्ये, म्हणजे कॅरियरला अडकवायच्या पिशव्यांत, आठ किलो वजन, आणि शेवटच्या चार किलोमीटरमध्ये दोनदा उतरून उभा राहिलो. दुसऱ्या आठवड्यात ११-३६ ची कॅसेट, एवढी मोठी चकती पेलणारा लांब केजचा मागचा डिरेलर, म्हणजे गिअर बदलणारा भाग, आणि नवी चेन बसवून घेतली. मेकॅनिकनं विचारलं कुठं चाललास, म्हटलं लोझेर, तर म्हणाला मग ब्रेक पॅड पण बदलून घे, चढताना नाही पण उतरताना माझी आठवण येईल. आली खरंच, पुढं सांगतो.

आता लोझेरच का. फ्रान्समधला सगळ्यात कमी लोकवस्तीचा जिल्हा आहे हा. आपल्या सातारा जिल्ह्याच्या साधारण निम्मं क्षेत्रफळ आणि लोक किती तर पाऊण लाख. अख्ख्या जिल्ह्यात. साताऱ्यात तीस लाख आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात इथंही एक लाख चाळीस हजारांच्या वर माणसं होती, म्हणजे निम्मी गेली. मी पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मला माझं आजोळ आठवलं, जावळी तालुक्यात, बामणोलीच्या पलीकडं, कोयनेच्या पाण्याच्या काठाला. साठच्या दशकात धरणाचं पाणी चढलं तशी खालची गावं उठली, कुणी सांगलीला, कुणी सोलापूरला, कुणी रायगड-ठाण्याकडं, आणि जी वर राहिली त्यातली तरणी पोरं मुंबईला माथाडीत. माझे दोन्ही मामा तसेच गेले. त्यामुळं रिकामा डोंगरी रस्ता दिसला की वा काय शांतता एवढंच माझ्या मनात येत नाही, इथली माणसं कुठं गेली हेही येतंच. ही ट्रिप करायची होती ती रस्त्यासाठी तर होतीच, पण थोडी त्यासाठीही.

वेळ ठरवायला सगळ्यात जास्त डोकं लागलं. तार्न नदीच्या घळीतला रस्ता जुलै-ऑगस्टमध्ये कनूवाल्यांच्या व्हॅन आणि कॅराव्हॅननी भरलेला असतो. सप्टेंबर चांगला, सड्यावरचा हेदर तेव्हा अजून जांभळा असतो, पण त्याच सुमारास भूमध्य समुद्रावरून दमट वारा येऊन या डोंगरांना धडकतो आणि एकेका दिवसात आपल्या महाबळेश्वरसारखा पाऊस ओततो, नद्या बघता बघता चढतात, घळीत सायकलवर अडकायची ती वेळ नव्हे. म्हणून जूनचा दुसरा आठवडा. सोमवारी ट्रेन, मंगळवार ते शनिवार सायकल. आणि सोमवारी मुक्कामाला पोचणार असाल तर खायला सोबत ठेवा, छोट्या गावात सोमवारी बेकरीसुद्धा बंद असते, मी आईनं पाठवलेले शेंगदाण्याचे लाडू आणि भाजणी नेली होती, दोन्ही दुसऱ्या दिवसापर्यंत संपलं.

ट्रेनचं थोडक्यात. तुलूझ ते नीम मोठ्या गाडीला सायकलचं वेगळं रिझर्वेशन लागतं, नीमहून वर डोंगरात जाणारी छोटी गाडी असते तिला लागत नाही. ही दुसरी लाईन म्हणजे बोगदे आणि दगडी कमानींचे पूल, शांबोरिगोचा पूल तर चक्क वळणावर बांधलाय, खिडकीतून आपल्याच गाडीचे पुढचे डबे कमानींवर चढताना दिसतात, मला कर्जत-लोणावळा आठवलं. दिवसाला मोजक्याच गाड्या आहेत पण. व्हिलफोरला उतरलो, सहाशे मीटर उंची, गावात एक हॉटेल उघडं, जेवलो आणि झोपलो.

पहिला दिवस सगळ्यात मोठा चढ. व्हिलफोरच्या तलावाच्या कडेनं निघून आल्तिये नदीच्या बाजूबाजूनं वर वर, कोल दे ट्रिब नावाची ११३० मीटरची खिंड, मग थोडं खाली ल ब्लेमार. इथपर्यंत सकाळचे साडेअकरा. खरी गंमत इथून पुढं, कारण ब्लेमारहून डी २० हा रस्ता मों लोझेर या डोंगरावर चढतो, कोल द फिनियेल, १५४१ मीटर. चढ फार उभा नाही, बारा किलोमीटरमध्ये पावणेपाचशे मीटर, म्हणजे सरासरी चार टक्के. आधी पाईनचं जंगल लागतं, मग एक छोटं स्की स्टेशन लागतं जे जूनमध्ये झोपलेलं असतं, आणि त्याच्यावर अचानक झाडं संपतात. एकदम. आणि समोर सडा.

मूरलँड म्हणजे काय हे मराठीत सांगायचं तर मला सडा हाच शब्द सुचतो. कोकणात आणि कासच्या बाजूला जसा वरचा सपाट उघडा भाग असतो, झाड नाही, वारा आहे, खुरटं गवत आणि मध्ये मध्ये दगड, तसाच, फक्त इथं जांभा नाही ग्रॅनाईट आहे, गोल गुळगुळीत पाच-दहा फुटी गोटे कुणीतरी विसरून गेल्यासारखे पडलेले. आणि जूनमध्ये जनेचं झुडूप फुललेलं, पिवळंधमक, वास मधासारखा, वाऱ्याबरोबर येतो आणि जातो. त्या शेवटच्या पाच किलोमीटरला मला एक गाडी लागली. ब्लेमार ते पों-द-मोंव्हेर या पूर्ण चोवीस किलोमीटरमध्ये अकरा. मी मोजत होतो, चढताना दुसरं काम नसतं.

रस्त्याच्या बाजूला ठरावीक अंतरावर माणसाएवढे ग्रॅनाईटचे उभे खांब दिसतात. मोंजुआ म्हणतात त्यांना. आधी मला हद्दीचे दगड वाटले. पण ते धुक्यात आणि बर्फात वाट दाखवायला लावलेत, एका खांबाजवळून पुढचा दिसला पाहिजे असे. या डोंगराच्या उत्तर उताराला काही वाड्यांमध्ये तर छोट्या दगडी कमानीत घंटा टांगलेली आहे, देवळाची नाही, बर्फाचं वादळ सुटलं की गावकरी ती आळीपाळीनं वाजवत राहायचे, बाहेर कुणी अडकलं असेल तर त्याला गावाची दिशा कळावी म्हणून. घंटेचं नावच वादळाची घंटा. आता हा रस्ता हिवाळ्यात बर्फानं बंदच होतो, पण ज्यांनी ते खांब रोवले त्यांना बंद ठेवून चालणारं नव्हतं ना, गुरं होती, बाजार होता, मयत असायची.

मला खांबांचा उपयोग त्याच दिवशी कळला. खिंडीत पोचलो तेव्हा दक्षिणेकडून ढग चढून आला आणि पंधरा मिनिटांत पन्नास फुटांवरचं दिसेना. जॅकेट घातलं, ग्लोव्ह्ज घातले, मागचा-पुढचा लाईट लावला आणि उतरायला लागलो. खाली पों-द-मोंव्हेर आहे ८७५ मीटरवर, म्हणजे बारा किलोमीटरमध्ये साडेसहाशे मीटर उतार, रस्ता ओला, वळणं दिसायच्या आत येतात. मी ब्रेक सतत दाबून न ठेवता वळणाआधी दाबायचे आणि सोडायचे, पुन्हा दाबायचे, असं करत आलो, रिम तापत नाही आणि पॅडला पाणी झटकायला वेळ मिळतो. हात बधिर झाले होते. मेकॅनिकला मनातल्या मनात दहादा मर्सी म्हटलं. साधारण अकराशे मीटरला ढगाच्या खाली आलो आणि एकदम ऊन, दरीत गाव, स्लेटची छपरं, आणि नदी दिसायच्या आधी तिचा आवाज ऐकू आला.

पों-द-मोंव्हेर म्हणजे तार्नवरचं पहिलं मोठं गाव, मोठं म्हणजे काही शे लोक. जुना दगडी पूल, त्याच्यावर घड्याळाचा मनोरा, खाली ग्रॅनाईटच्या रांजणखळग्यांतून पाणी. याच गावात २४ जुलै १७०२ च्या रात्री आबे द्यु शायला या पाद्र्याला मारलं आणि कामिसारांचं बंड सुरू झालं. सेव्हेन डोंगरातले प्रोटेस्टंट शेतकरी आणि लोकर पिंजणारे, राजानं त्यांचा धर्म बेकायदा ठरवला म्हणून ते राजाच्या फौजेशी दोन वर्षं या दऱ्यांतून लढले. ज्याला आपल्याकडं गनिमी कावा म्हणतात तोच. या घळी नुसत्या बघून कळतं की ते का जमलं, इथं फौज घेऊन एका वेळी दोन माणसं शेजारी चालतील एवढीच वाट.

गावातल्या जीतमध्ये, म्हणजे पदयात्री आणि सायकलवाल्यांसाठी जे साधं मुक्कामाचं घर असतं तिथं, संध्याकाळी एक म्हातारे शेतकरी जेवायला आले होते, मालकिणीचे शेजारी. मी भारतातला, डोंगरातला, म्हटल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला की तुमच्या गावातली शाळा अजून चालू आहे का. मी सांगितलं की आजोळची शाळा आहे पण पोरं सात. ते म्हणाले, मग चालू आहे. त्यांच्या वाडीतली त्यांच्या मुलाच्या लहानपणीच बंद झाली. नंतर बराच वेळ त्यांनी मला सांगितलं की माणसं का गेली: आधी रेशमाच्या किड्यांना रोग आला, तो इतका मोठा की १८६५ साली लुई पाश्चर स्वतः आलेसला येऊन राहिले त्याचा अभ्यास करायला, मग चेस्टनटच्या झाडांना रोग, आणि या डोंगरात चेस्टनट म्हणजे भाकरीच होती, झाडाचं नावच भाकरीचं झाड, मग खालच्या खाणीत पगार मिळायला लागला, मग पहिलं महायुद्ध. प्रत्येक वेळी थोडी थोडी माणसं कमी होत गेली.

दुसऱ्या दिवशी नुसता उतार. तार्नच्या बाजूनं फ्लोराकपर्यंत एकवीस किलोमीटर, सकाळी आठला निघालो, दरीत ऊन उतरलेलं नव्हतं, एका वळणावर ग्रॅनाईट संपून शिस्ट लागतो, काळपट पापुद्र्यांचा दगड, घरंही मग तशीच काळी होतात. या ट्रिपमध्ये मला दगड वाचायचा नाद लागला. ग्रॅनाईटवर सडा आणि गोटे, शिस्टवर चेस्टनटची जंगलं आणि अरुंद वाकडी दरी, आणि फ्लोराकच्या पुढं चुनखडी, ती लागली की खरी घळई. आमच्याकडं वर जांभा खाली बेसॉल्ट, शंभर किलोमीटर गेलं तरी तेच, इथं एका सकाळी तीन वेगवेगळे देश.

फ्लोराकहून उत्तरेला चार-पाच किलोमीटर एन १०६ हा मोठा रस्ता घ्यावाच लागतो, ट्रक असतात, हा एक तुकडा मला आवडला नाही, उजवी कड धरून पटकन संपवला. मग डावीकडं इस्पान्याककडं वळलं की तार्नची घळ सुरू. एका बाजूला कॉस सोव्हतेर दुसऱ्या बाजूला कॉस मेजाँ, कॉस म्हणजे चुनखडीचं पठार, आणि नदीनं या दोन पठारांच्या मध्ये चारशे-पाचशे मीटर खोल चीर पाडलीय. रस्ता नदीच्या उजव्या काठानं जातो, मध्ये मध्ये कातळातून काढलेले छोटे बोगदे, त्यासाठी मागचा लाईट दिवसाही चालू ठेवा. हा रस्ता विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा. त्याआधी या घळीतून जायचं तर होडी. ला मालेन गावातले नावाडी अजून सपाट होड्यांतून माणसं नेतात, आता पर्यटकांना.

सँत-एनिमीच्या अलीकडं कास्तेलबुक लागतं, नदीपलीकडं कड्याच्या पोटात चिकटलेली वाडी, घरांची मागची भिंत म्हणजे कडाच. मी तिथं रस्त्याच्या कठड्यावर बसून ब्रेड, बकरीचं चीज आणि चेरी खाल्ल्या आणि तासभर बसलो असेन. आवाज कसले होते ते सांगतो: नदी, जी वरच्या गावात धबाबा होती ती इथं सपाट हिरवी झालेली, पाकोळ्या, आणि पलीकडं कुणीतरी लाकूड कापत होतं त्याचा ठोका दोनदा, एकदा खरा आणि एकदा कड्यावरून परत आलेला. पठारावर पडणारा पाऊस चुनखडीत मुरतो, वर एक ओढा नाही, आणि तेच पाणी इथं खाली कड्याच्या पायथ्याला झऱ्यांमधून थंडगार बाहेर येतं. त्यामुळं घळीत पाण्याची चिंता नाही, पठारावर आहे.

सँत-एनिमी ते ला मालेन तेरा-चौदा किलोमीटर. नदीपलीकडं एका वाडीला रस्ताच नाही, सामान तारेवरच्या पाळण्यातून जातं आणि माणूस होडीनं. मी तिथं थांबलो आणि मामाला फोटो पाठवला. मामाचा लगेच फोन, "अरे ही तर आपली बामणोली. दवाखान्याला काय करतात रं ती लोकं?" मी म्हटलं, "मामा, होडीच." तर म्हणाला, "मग पावसाळ्यात गरवार बाई असली म्हणजे?" पंच्याहत्तरीच्या माणसाला तो फोटो बघून पहिलं हे सुचलं. मला नव्हतं सुचलं.

ला मालेनला मुक्काम, आणि तिसऱ्या दिवशी पहाटे साडेसहाला निघालो, कारण ला मालेन ते ले व्हिन्य हा बारा किलोमीटरचा तुकडा सगळ्यात अरुंद आणि सगळ्यात प्रसिद्ध, नऊनंतर जूनमध्येही गाड्या येतात. साडेसहाला कुणी नाही. कडे वर इतके जवळ येतात की आकाश म्हणजे एक पट्टी राहते, आणि सूर्य आधी एका कड्याच्या वरच्या कडेला लागतो, मग हळूहळू खाली उतरतो, पिवळा, केशरी, मग पांढरा, तुम्ही मात्र अजून सावलीत गारठलेले. पा द सुसीला वरून कोसळलेले प्रचंड धोंडे नदीत पडलेत आणि तार्न त्यांच्या खाली गायब होते, थोडं पुढं पुन्हा वर येते. या बारा किलोमीटरला मी सव्वा तास घेतला. वेग काढायचा नाही, हे मी ट्रिपमध्ये एकच नियम म्हणून पाळलं, कारण ताशी पंचवीसच्या वर गेलं की कानात फक्त वारा उरतो आणि मग घळ असो की हायवे, ऐकायला सारखंच.

ल रोझियेला जोंत नदी येऊन तार्नला मिळते. तिथं डावीकडं वळून जोंतची घळ, एकवीस किलोमीटर वर मेरुएसपर्यंत. आणि आता गिधाडं.

याच्यासाठी मी मुद्दाम ल रोझियेच्या कॅफेत दहा वाजेपर्यंत थांबलो. गिधाड सकाळी लवकर उडत नाही, कडा तापून वर जाणारी हवा सुरू झाली की उडतं. ल त्रुएल वाडीच्या आसपास आलो, रस्ता बऱ्यापैकी वर कड्याला बिलगून जातो, आणि एक सावली माझ्या अंगावरून गेली. वर बघितलं तर एक ग्रिफन गिधाड, अडीच मीटरच्या वर पंख, एकही पंख न हलवता, माझ्या डोक्यापासून वीस-पंचवीस फुटांवर, आणि त्याच्या पंखांतून जाणाऱ्या हवेचा आवाज ऐकू आला, पतंगाच्या शेपटीसारखा. मी सायकल कठड्याला लावली आणि उभाच राहिलो. थोड्या वेळानं मोजली, सतरा होती.

ही सगळी परत आणलेली आहेत. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत इथली गिधाडं संपली होती, काही गोळ्या घालून मारली, काही विष घातलेल्या आमिषानं. १९८१ पासून पिंजऱ्यात वाढवलेली ग्रिफन सोडायला सुरुवात झाली, १९९२ पासून काळी गिधाडं, २०१२ पासून दाढीवाली. मेंढपाळ मेलेली मेंढरं ठरवून दिलेल्या जागी ठेवतात, गिधाडं साफ करतात, पुरायचा-जाळायचा खर्च वाचतो. मामा सांगतो की त्यांच्या लहानपणी गावाबाहेर मेलेलं जनावर टाकलं की दुपारपर्यंत नुसती हाडं राहायची, गिधाडं कुठून यायची कळायचं नाही. मी माझ्या लहानपणी एकही बघितलं नाही. नव्वदच्या दशकात जनावरांना डायक्लोफेनॅक द्यायला लागले आणि ते औषध पोटात असलेलं मेलेलं जनावर खाऊन गिधाडांची मूत्रपिंडं बंद पडायची, भारतातली नव्वद टक्क्यांहून जास्त गेली, २००६ साली जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली तोपर्यंत. मी अडतीस वर्षांचा आहे आणि डोक्यावरून जाणारं गिधाड मी पहिल्यांदा फ्रान्समध्ये बघितलं. डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू.

मेरुएसला दुपारी तीनलाच पोचलो, कपडे धुतले, झोपलो. त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

चौथा दिवस कोल द पेर्ज्युरे, १०२८ मीटर. मेरुएस सातशेवर आहे त्यामुळं चढ निवांत, जोंत बाजूला बारीक बारीक होत जाते आणि शेवटी ओढा होते. खिंडीतून मी डावीकडं कॉस मेजाँवर थोडा वर गेलो, नीम-ल-व्हियो म्हणून जागा आहे, चुनखडीचे सुळके आणि भिंती अशा झिजल्यात की लांबून पडकं गाव वाटतं. आजूबाजूला गवताळ माळ, आणि जूनमध्ये तिथं एक गवत तुऱ्याला येतं, एक फुटी रेशमासारखे पांढरे तुरे, स्थानिक लोक त्याला देवदूताचे केस म्हणतात, वारा आला की अख्खा माळ पाण्यासारखा हलतो. पठारावर घरांना लाकडाचे वासे नाहीत, कारण झाडंच नाहीत, म्हणून आतून दगडी कमानींवरच छत पेललेलं. मेंढरांसाठी पाण्याची जी गोल फरसबंदी तळी केलेली असतात त्यांना लाव्होन्य म्हणतात, पावसाचं पाणी साठवायला. बाटल्या मात्र मेरुएसलाच भरून घ्या, माझी दुसरी बाटली इथं संपली.

आणि इथंच मेंढरं भेटली. उन्हाळ्यासाठी खालून वर चाललेला कळप, गळ्यात मोठ्या घंटा, काहींच्या पाठीवर रंगीत लोकरीचे गोंडे, पुढं एक मेंढपाळ, मागं कुत्रे. दहा मिनिटं मी आणि सायकल रस्त्याच्या कडेला, आणि दोन्ही बाजूंनी मेंढरं. ज्या वाटांनी ते पिढ्यान्‌पिढ्या जातात त्यांना द्राय म्हणतात, आणि याच मेंढपाळीच्या संस्कृतीसाठी कॉस आणि सेव्हेन २०११ साली जागतिक वारशात गेले. मला फलटण-माणकडचे धनगर आठवले, दिवाळीनंतर वाडा घेऊन कोकणात उतरणारे, घोड्यावर बिऱ्हाड आणि कोंबड्या. त्यांना रस्त्यात हॉर्न ऐकावे लागतात. इथं कळपामागं तीन गाड्या थांबल्या होत्या, तिन्ही ड्रायव्हर इंजिन बंद करून.

पेर्ज्युरेच्या फ्लोराककडच्या उतारावर एक दगडी स्मारक आहे. १० जुलै १९६०, तूर द फ्रान्समध्ये रोजे रिव्हिएर नावाचा चोवीस वर्षांचा रायडर, एका तासात ४७.३४७ किलोमीटर हा विक्रम ज्याच्या नावावर होता, इथं नेन्सिनी या दुसऱ्या रायडरच्या मागं उतरताना कठड्यावरून खाली गेला आणि पाठीचा कणा मोडला. पुन्हा रेस केली नाही. मी तिथं थांबलो, टोपी काढली. आणि त्याच्या खाली दोन किलोमीटरवर मीच घसरलो. जूनमध्ये इकडं रस्त्यांवर डांबर मारून बारीक खडी टाकतात, पाटी असते, ती मी बघितली पण वेग कमी करेपर्यंत वळण आलं, मागचं चाक गेलं, डावं कोपर आणि मांडी खरचटली, हँडल वाकडं. ३२ मिलिमीटरचे रुंद टायर होते म्हणून एवढ्यावर निभावलं असं मला वाटतं. बाटलीत पाणी नाही जखम धुवायला. पाठीमागून येणारी एक बाई व्हॅन थांबवून उतरली, पाणी दिलं, पट्टी दिली, फ्लोराकपर्यंत सोडू का विचारलं, मी नको म्हटलं, तर ती माझ्यामागं हळूहळू खडी संपेपर्यंत व्हॅन चालवत आली, मग हात करून गेली. रस्त्यावर गाड्या कमी असल्या की असं होतं, जी येते ती थांबते. ॲलन कीनं हँडल सरळ केलं आणि फ्लोराकला पोचलो.

पाचव्या दिवशी तोच तार्न उलटा वर, फ्लोराक ते पों-द-मोंव्हेर, आणि पुढं डी ९९८ नं कोल द ला क्रुआ द बेर्तेल, १०८८ मीटर, मग व्हियालासवरून खाली जेनोलाक स्टेशन. उतरताना चेस्टनटची जुनी झाडं, पायऱ्या-पायऱ्यांची दगडी ताली, भातखाचरांसारख्या, पण आता त्यात जंगल वाढलंय, एखाद-दुसरी कुणीतरी साफ करून कांदा लावलेला, सेव्हेनचा गोडा कांदा प्रसिद्ध आहे. एका तालीवर एक तरुण जोडपं भिंत रचत होतं, लहान पोरगं बाजूला दगड देत होतं. मी बॉंजूर म्हटलं, त्यांनी विचारलं कुठून आलास, म्हटलं व्हिलफोरहून, पाच दिवस. ते हसले, कारण जेनोलाकहून व्हिलफोर ट्रेननं वीसेक मिनिटांवर आहे.

स्टेशनवर गाडीला पन्नास मिनिटं होती. एकूण साधारण अडीचशे किलोमीटर झाले. कोपराची पट्टी बदलली, चेन पुसली, आणि मामाला फोन लावला. त्यानं विचारलं गिधाडं अजून आहेत का तिथं, उद्या पण असतील का, म्हटलं हो मामा. मग म्हणाला, "डिसेंबरात येतोयस ना, सायकल आण. लाँचवाला आपल्यातलाच हाय, वर टाकून घेईल. पलीकडनं आपल्या शाळेपर्यंत रस्ता झालाय आता, डांबरी. चढ हाय पण." मी विचारलं चढ किती. तो म्हणाला, "आम्ही डोक्यावर पोती घेऊन चढायचो, तू बघ किती हाय ते."

३६ ची कॅसेट तशीच ठेवलीय.